स्किड रोची 'एटीन अँड लाइफ' सात इंची रेकॉर्डवर घेताना: काय तपासायचं, कशी धुवायची, कशी वाजवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्किड रो या अमेरिकन हार्ड रॉक बँडच्या 'एटीन अँड लाइफ' या गाण्याची १९८९ची अमेरिकन सात इंची रेकॉर्ड (सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं) परदेशातला एक विक्रेता 'व्हीजी प्लस' ('व्हेरी गुड प्लस', म्हणजे वापरलेली पण चांगल्या स्थितीतली) म्हणून विकतो आहे. ती मूळ प्रेसिंग, म्हणजे त्याच काळात दाबून काढलेली प्रत, आहे हे कसं ओळखायचं, घ्यावी का, आणि पुण्यात आल्यावर तिची स्वच्छता आणि वाजवणं कसं करायचं?

मूळ की नंतरची, हा या खरेदीतला सोपा भाग आहे. अवघड भाग वेगळा आहे: ही तबकडी कशाची बनली आहे आणि आजवर ती कोणत्या यंत्रावर फिरली आहे. ग्लॅम मेटलच्या (केस वाढवून, नटूनथटून वाजवलेल्या हार्ड रॉकच्या) शेवटच्या वर्षांतल्या अमेरिकन ४५ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डींबाबत या दोन गोष्टी कळल्याशिवाय 'व्हीजी प्लस' या शब्दांना फारशी किंमत देऊ नका.

याला काळाचं कारण आहे. स्किड रोचा पहिला अल्बम जानेवारी १९८९मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सने काढला. निर्माता मायकेल वॅगनर. त्यातलं 'एटीन अँड लाइफ' बँडमधल्याच डेव्ह 'स्नेक' सेबो आणि रेचल बोलन यांनी लिहिलेलं, आणि सप्टेंबर १९८९पर्यंत ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकाला पोचलं. म्हणजे गाणं चांगलंच गाजलेलं. पण तोवर अमेरिकेत सात इंची रेकॉर्ड विझत चालली होती. १९८७पासून कॅसेट सिंगल बाजारात होती, आणि केस वाढवलेल्या पोरांचं हे संगीत ऐकणारा वर्ग वॉकमन आणि गाडीतल्या कॅसेट प्लेअरवर होता. सिंगल्सचा खप इतका घसरला होता की अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने सिंगलला 'गोल्ड' मिळण्याची अट १९८९मध्येच दहा लाखांवरून पाच लाखांवर आणली. त्या पाच लाखांतही कॅसेट सिंगलचा वाटा असायचा. सात इंची तबकड्या मुख्यतः ज्यूकबॉक्सवाल्यांसाठी, रेडिओ केंद्रांसाठी आणि जुन्या सवयीच्या ग्राहकांसाठी निघत होत्या. त्यामुळे आज हाती येणाऱ्या प्रतींमध्ये घरात सांभाळलेल्या कमी आणि राबवलेल्या जास्त असतात. आपल्याकडे तेव्हा कॅसेटचंच राज्य होतं, म्हणून जुन्या बाजारात कुठे भारतीय सात इंची सापडेल या आशेवर थांबू नका.

आता ओळख. अमेरिकन रेकॉर्डचा क्रमांक ७-८८८८३, उलट बाजूला 'मिडनाइट/टॉर्नेडो', मध्ये दीड इंची मोठं भोक. ब्रिटिश प्रतीचा क्रमांक ए८८८३, भोक लहान; ती तिकडे १९९०च्या सुरुवातीला चालली आणि बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. अमेरिकन लेबलच्या कडेने फिरणारी बारीक अक्षरं वाचा. १९८९च्या प्रतीवर अटलांटिकची मालक कंपनी म्हणून 'वॉर्नर कम्युनिकेशन्स'चं नाव हवं. टाइम आणि वॉर्नर यांचं विलीनीकरण जानेवारी १९९०मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे 'टाइम वॉर्नर' छापलेलं लेबल नंतरचं. दोन्ही बाजूंना याच बँडची दोन गाजलेली गाणी असतील तर ती जुन्या हिट गाण्यांच्या मालिकेतली पुनर्मुद्रित प्रत समजा. दोन्ही बाजूंना हेच गाणं आणि लेबलवर 'विक्रीसाठी नाही' असा मजकूर असेल तर ती रेडिओला पाठवलेली प्रत. ती खोटी नसते, उलट काही संग्राहक तिला जास्त पैसे देतात. पण तिची झीज वेगळ्या जातीची असते, त्याबद्दल पुढे.

लेबलवरच्या मास्टर क्रमांकाच्या (ध्वनिमुद्रणाच्या क्रमांकाच्या) शेवटी आणि आतल्या कोऱ्या पट्ट्यात, म्हणजे गाणं संपल्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत भाग असतो तिथे, कारखान्याची खूण मिळते. वॉर्नर गटाच्या रेकॉर्डींवर 'एसपी' किंवा 'एसआरसी' म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ओलिफंटचा स्पेशल्टी रेकॉर्ड्स कॉर्पोरेशनचा कारखाना, आणि 'एआर' म्हणजे लॉस एंजलिसचा अलाइड. 'स्टर्लिंग' असा शिक्का दिसला तर मूळ लॅकर (जिच्यावरून साचे बनतात ती पहिली कोरलेली तबकडी) न्यू यॉर्कच्या स्टर्लिंग साउंड स्टुडिओत कोरला गेला. यातली कोणतीही खूण प्रत चांगली की वाईट हे सांगत नाही. ती फक्त जन्मगाव सांगते. विक्रेत्याकडून या पट्ट्याचा फोटो मागवायचा तो याचसाठी. आणि बनावट प्रतींची फार धास्ती घेऊ नका. या रेकॉर्डची किंमत इतकी नाही की कोणी ती नकली छापावी. फसवणूक होते ती सहीच्या स्लीव्हमध्ये (बाहेरच्या कागदी कव्हरमध्ये) आणि 'टेस्ट प्रेसिंग', म्हणजे कारखान्यात चाचणीसाठी काढलेली प्रत, म्हणून विकलेल्या साध्या कोऱ्या लेबलच्या प्रतींमध्ये.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत सात इंची रेकॉर्ड दोन पद्धतींनी बनायच्या. एक, पीव्हीसीचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबून; ही खरी व्हायनिल. दुसरी, वितळलेलं पॉलिस्टायरीन साच्यात सोडून, जशी प्लॅस्टिकची खेळणी बनतात तशी. स्टायरीनची पद्धत झटपट आणि स्वस्त, साचा जास्त प्रती टिकतो, आणि ताज्या स्टायरीन रेकॉर्डचा आवाज अतिशय छान असतो. पण स्टायरीन कडक आणि ठिसूळ आहे. व्हायनिल सुईच्या दाबाखाली किंचित दबून पुन्हा जागेवर येतं. स्टायरीनच्या खाचेची (जिच्यातून सुई चालते त्या रेघेची) भिंत खरवडली जाते आणि ती भरून येत नाही. खराब किंवा जड सुईने दहा-पंधरा वेळा वाजवलेली स्टायरीन प्रत दिसायला चकचकीत, पण वाजवल्यावर प्रत्येक 'स'वर आणि प्रत्येक झांजेवर फिस्कारते. डोळ्यांनी बघून दिलेला दर्जा इथेच फसतो.

ओळखण्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे लेबल. दाबून बनवलेल्या व्हायनिलमध्ये कागदी लेबल साच्यातच, उष्णतेने तबकडीत बसतं. त्याला गोंद नसतो आणि त्याची कड नखाने उचलता येत नाही. स्टायरीनवर लेबल नंतर चिकटवतात किंवा थेट छापतात. चिकटवलेल्या लेबलची कड सुटलेली, मध्ये फुगा आलेला, किंवा लेबल जरा तिरकं बसलेलं दिसतं. दुसरी खूण वजनाची. स्टायरीनची घनता साधारण १.०५, रेकॉर्डच्या पीव्हीसीची १.३५ ते १.४, म्हणजे सारख्या जाडीची स्टायरीन तबकडी जवळपास पाव हिश्शाने हलकी. तिसरी, आवाजाची: कडेला नखाने हलकी टिचकी मारली की व्हायनिल बद्द वाजतं, स्टायरीन टणक 'टिक्' करतं. वाकवून बघण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो, तो पाळू नका. स्टायरीन वाकत नाही, तडकतं. ब्रिटिश सात इंचींपैकी ज्यांवर कागदाऐवजी चंदेरी छपाईचं प्लॅस्टिक लेबल असतं त्याही साच्यात ओतून बनवलेल्या, त्यांनाही हेच नियम लावा.

झीज कुठे शोधायची? या गाण्याची रचना इथे मदत करते. सुरुवात मोकळ्या, स्वच्छ गिटारने होते, ढोलांचा भडिमार नंतर येतो. म्हणजे पहिल्या काही सेकंदांत खरखर लपायला जागाच नाही. रेडिओ केंद्रात गाणं नेमक्या क्षणी सुरू व्हावं म्हणून निवेदक सुई पहिल्या आवाजावर ठेवून तबकडी हाताने मागेपुढे फिरवायचे. त्यामुळे पहिल्या एक-दोन फेऱ्यांची खाच भाजून निघते आणि तिथे 'श्शश' असा जाड पट्टा ऐकू येतो. रेडिओच्या प्रतीत हा दोष सर्रास असतो, आणि स्टायरीनवर तो कायमचा. ज्यूकबॉक्सच्या प्रतीत सुरुवात बऱ्यापैकी असते, पण सुई धरणाऱ्या जड आर्ममुळे पूर्ण बाजूभर सारखी झीज असते आणि मोठ्या भोकाभोवती लेबलवर पकडीचे गोल ओरखडे दिसतात. घरातल्या प्रतीवर बोटांचे ठसे, कडेला धूळ आणि स्लीव्हमधून काढताना पडलेले केसासारखे बारीक ओरखडे असतात. तिन्हींमध्ये ही शेवटची प्रत दिसायला सगळ्यात वाईट आणि वाजायला सगळ्यात चांगली निघण्याची शक्यता मोठी.

दुसरी जागा म्हणजे शेवट. ४५च्या वेगाने सात इंची रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला, साधारण ८४ मिलिमीटर त्रिज्येवर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने जाते. आत ५४ मिलिमीटरवर तोच वेग २५ सेंटिमीटरवर येतो. तेवढाच आवाज तिथे जवळपास दोन-तृतीयांश लांबीत कोंबलेला असतो, म्हणून उच्च स्वर चुरगळतात. या गाण्यात बँडचा गायक सेबॅस्टियन बाख याचा आवाज शेवटाकडे सर्वात वर चढतो, म्हणजे सगळ्यात अवघड भाग सगळ्यात अवघड जागी. खाच कितीही चांगली असली तरी इथे थोडी धार राहणारच. पण प्रत झिजलेली असेल तर तिथे आवाज अक्षरशः फाटतो. गाणं ३ मिनिटं ५० सेकंदांचं आहे. ४५च्या वेगाने सुमारे १७२ फेरे होतात आणि ते साधारण ३० मिलिमीटरच्या पट्ट्यात बसवायचे, म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये सुमारे ०.१७ मिलिमीटर. वीस मिनिटांच्या एलपीच्या बाजूला हेच अंतर ०.१३च्या आसपास असतं. त्या जास्तीच्या जागेमुळे सिंगल एलपीपेक्षा मोठ्या आवाजात कोरता येते. मोठ्याने कोरलेली खाच खडखडून वाजते, आणि जड सुईखाली लवकर झिजतेही.

म्हणून विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. लेबल चिकटवलेलं आहे की दाबलेलं, त्याचा जवळून फोटो. दिव्याच्या तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंचा फोटो. खाचांमध्ये राखाडी धुरकटपणा दिसला तर तो झिजेचा. रेकॉर्ड वाजवून पाहिली की नुसती बघून दर्जा दिला. आणि सुरुवातीच्या तीस व शेवटच्या तीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण. या किमतीच्या रेकॉर्डसाठी एवढं कोण करतो, असं वाटेल; पण चांगले विक्रेते करतात, आणि जो 'दिसायला मस्त आहे' यापलीकडे काहीच सांगत नाही त्याच्याकडची प्रत स्टायरीनची असेल तर सोडून द्या. किमतीचा अंदाज असा: 'गोल्डमाइन' या अमेरिकन संग्राहकांच्या मासिकाच्या पद्धतीत 'निअर मिंट'ची (जवळपास नव्या प्रतीची) किंमत आधार धरली तर 'व्हीजी प्लस'ला तिच्या निम्मी आणि नुसत्या 'व्हीजी'ला पाव किंमत. ब्रिटिश विक्रेते 'एक्सलंट' म्हणतात ते साधारण अमेरिकन 'व्हीजी प्लस'च्या जवळ. माझा सल्ला असा की स्टायरीनची प्रत 'निअर मिंट'च्या खाली घेऊ नका, व्हायनिलची 'व्हीजी प्लस' बिनधास्त घ्या.

टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीहून जास्त पडतो, त्यामुळे एकाच विक्रेत्याकडून चार-पाच सिंगल एकत्र मागवणं शहाणपणाचं. त्याच वर्षांतल्या वॉरंट, पॉइझन, सिंड्रेला या बँडांच्या सिंगल सहज जोडीला मिळतात. तबकडी स्लीव्हच्या बाहेर, साध्या आतल्या पाकिटात ठेवून पाठवायला सांगा. स्लीव्हच्या आत राहिली तर प्रवासातल्या आपटीने तबकडीची कड स्लीव्हची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचे कडक तुकडे हवेत, आणि त्यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात. स्टायरीनसाठी हे सक्तीचं आहे, कारण कोपऱ्यावर पडलेल्या पार्सलमध्ये ते कडेपासून आत चिरतं. पार्सल उन्हातून आलं असेल तर उघडून लगेच वाजवू नका. तबकडी सपाट जागी दोन-तीन तास निवू द्या.

धुण्याचं मिश्रण घरी सहज होतं. एक लिटर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, पण बाटलीवर तसं लिहिलेलं असल्याची खात्री करा आणि बॅटरीच्या अॅसिडची बाटली चुकून उचलू नका. नळाचं किंवा आरओचं पाणी नको. वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात आणि टिकटिक वाजतात. त्यात फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारं वेटिंग एजंट (पाणी थेंब न राहता सगळीकडे पसरवणारं द्रव्य), कोडॅकचं फोटो-फ्लो किंवा इलफर्डचं इलफोटॉल, १ ते २ मिलिलिटर घाला. याहून जास्त घातलं तर फेस आणि चिकट थर उरतो, आणि तो थर सुईवर राळेसारखा साचतो. व्हायनिल खूपच मळकी असेल तर या एका लिटरमध्ये ५० ते १०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घालता येईल. स्टायरीनसाठी अल्कोहोल नको: नुसतं पाणी आणि वेटिंग एजंट. भांडी घासायचा साबण दोन्हींसाठी नको, त्यात रंग, वास आणि हातांसाठीचे पदार्थ असतात.

सात इंचीच्या एका बाजूला पाच-सहा मिलिलिटर पुरतं. मऊ, दाट केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवत, दहा-बारा फेरे. आडवा कधीच नाही. द्रव दोन मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्यांदा धुवा. हे दुसरं धुणं लोक टाळतात आणि मग 'धुतल्यावर जास्त खरखरते' अशी तक्रार करतात. खरखर असते ती सैल झालेल्या पण काढून न टाकलेल्या मळाची. स्टायरीन मात्र भिजत ठेवू नका. पाणी लेबलखाली शिरलं की गोंद सुटतो. ब्रश लेबलपासून अर्धा सेंटिमीटर अलीकडेच थांबवा. अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, रॉकेल यांतलं काहीही स्टायरीनजवळ आणू नका. अॅसिटोन आणि थिनर पॉलिस्टायरीन चक्क विरघळवतात, आणि किंमतीच्या स्टिकरचा डिंक काढायला आपल्याकडे हात आधी त्यांच्याकडेच जातो.

पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीचा प्रश्न खरा आहे. रेकॉर्डवर पांढुरके ठिपके किंवा फांद्यांसारखी नक्षी दिसली तर ती वाजवू नका, सुई ती खाचेत आणखी दाबते. बुरशी प्लॅस्टिक खात नाही. बोटांचं तेल, धूळ आणि ओलसर कागद खाते. नाकावर मास्क लावून, घराबाहेर कोरड्या ब्रशने वरची झाडा, मग वर सांगितल्याप्रमाणे दोनदा धुवा, आणि जुनं कागदी पाकीट फेकून द्या. नवं आतलं पाकीट पॉलिथिलीनचं अस्तर असलेलं, बाहेरचं कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं. जाड, मऊ, चमकदार पीव्हीसीची कव्हरं दिसायला छान असतात, पण त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि तबकडीवर धुकट थर आणतो. हा थर धुवून जात नाही. तबकड्या उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, काटा ५० टक्क्यांच्या आसपास. ६५च्या वर आठवडाभर राहिला की बुरशीला आमंत्रण.

वाजवण्याकडे येऊ. सूटकेससारखे जे स्वस्त प्लेअर मिळतात त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) पाच-सहा ग्रॅमने दाबते. व्हायनिलही त्यावर झिजतं, स्टायरीन तर काही वाजवण्यांतच संपतं. वजन नेमकं लावता येईल असा टर्नटेबल आणि चांगली मॅग्नेटिक कार्ट्रिज हवी. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका २ ग्रॅमवर, ऑर्टोफॉन २एम रेड १.८ ग्रॅमवर, वजन इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याने तपासा, आर्मवरच्या आकड्यावर भागवू नका. फार कमी वजन लावणं म्हणजे रेकॉर्डची काळजी घेणं, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई मोठ्या आवाजात कोरलेल्या खाचेत उड्या मारते आणि भिंतीवर आपटते, त्याने जास्त नुकसान होतं.

सुईचा आकार स्टायरीन आणि व्हायनिलला वेगळा हवा. स्टायरीनला मी गोल टोकाची, ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) साधी सुई लावायला सांगेन. तिचा स्पर्श रुंद असतो आणि ती ठिसूळ भिंत खरवडत नाही. व्हायनिलला मायक्रोलाइनसारखी बारीक सुई फार फायद्याची: ती आतल्या अरुंद भागात उच्च स्वर नीट वाचते, आणि आधीच्या मालकाच्या गोल सुईने जिथे झीज केली त्याहून वेगळ्या उंचीवर भिंतीला टेकते. 'व्हीजी' दर्जाची व्हायनिल सिंगल सुई बदलल्यावर एक पायरी वर गेल्यासारखी वाजते.

कार्ट्रिज बसवण्याच्या कोनाकडे सात इंचीवाल्यांनी खास लक्ष द्यावं. नेहमीच्या बेअरवाल्ड पद्धतीत सुईचा कोन अचूक बसतो तो ६६ आणि १२०.९ मिलिमीटर त्रिज्येवर. सात इंची रेकॉर्ड ८४ला सुरू होऊन ५४च्या आसपास संपते, म्हणजे तिचा शेवटचा, सगळ्यात नाजूक भाग आतल्या अचूक बिंदूच्याही पलीकडे. स्टीव्हन्सन पद्धतीत आतला बिंदू ६०.३ मिलिमीटरवर येतो. तुमचा संग्रह मुख्यतः सिंगलचा असेल तर स्टीव्हन्सनचा प्रोट्रॅक्टर (कोन लावायची पट्टी) वापरा. शेवटच्या मिनिटातला फरक कानाला लगेच कळतो.

मोठ्या भोकासाठी अडॅप्टर लागतो, आणि इथे एक दोष बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अडॅप्टर सैल असला की तबकडी केंद्रापासून सरकते. अर्धा मिलिमीटर सरकली तर शेवटाकडे, ५४ मिलिमीटर त्रिज्येवर, सूर जवळजवळ एक टक्का वर-खाली डोलतो, सेकंदाला पाऊण वेळा. ढोलकाम चालू असताना हे जाणवणार नाही. लांब ओढलेल्या गिटारच्या सुरात आणि बाखच्या ताणलेल्या स्वरात ते मळमळल्यासारखं ऐकू येतं. प्लॅस्टिकच्या पातळ अडॅप्टरऐवजी धातूचा घुमटाकार अडॅप्टर घ्या. तो जरा लहान पडत असेल तर त्याभोवती पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा द्या, व्यास सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढतो. आणि रेकॉर्डचं भोकच कारखान्यात वाकडं पडलं असेल तर मोठं भोक हे वरदान ठरतं: मुद्दाम सैल अडॅप्टर ठेवून, फिरताना सुईचं डावं-उजवं डोलणं बघत तबकडी बोटाने किंचित सरकवत केंद्रावर आणता येते. लहान भोकाच्या ब्रिटिश प्रतीत ही सोय नाही.

याच गाण्याचा उत्तम आवाज हवा असेल आणि अमेरिकन मूळ प्रतीचा हट्ट नसेल, तर ब्रिटिश बारा इंची, ए८८८३टी, शोधा. बारा इंचीवर ४५च्या वेगाने बाहेरची खाच सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर धावते. एका बाजूला हे एकच गाणं असेल आणि खाचा ऐसपैस, ०.३ मिलिमीटर अंतराने कोरल्या, तरी ते ९४ मिलिमीटर त्रिज्येच्या आसपास संपतं. तिथला वेग ४४ सेंटिमीटर, म्हणजे सात इंचीच्या सुरुवातीपेक्षाही जास्त. शेवटची किंचाळी तिथे न फाटता येते. वॉर्नर गटाच्या त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश प्रती जर्मनीत, आल्सडॉर्फच्या कारखान्यात दाबलेल्या असतात. आतल्या पट्ट्यात 'आल्सडॉर्फ' असा शिक्का असतो. हा कारखाना त्या काळी शांत पृष्ठभागासाठी नावाजलेला होता आणि तो नावलौकिक योग्यच होता.

चित्र असलेल्या किंवा वेगळ्या आकारात कापलेल्या पिक्चर डिस्क त्या वर्षांत ब्रिटनमध्ये मेटल बँडांच्या बऱ्याच सिंगलसोबत निघायच्या. त्या भिंतीवर लावायला घ्या, ऐकायला नको. मध्ये छापील कागद आणि वर पातळ पारदर्शक थर, त्यामुळे पृष्ठभागाचा सरसर आवाज साध्या प्रतीहून नक्की जास्त. आकारात कापलेल्या तबकडीत खाच असते ती आतल्या सात इंची वर्तुळातच, बाहेरची टोकं कोरी. स्वयंचलित टर्नटेबलवर ती कधीच ठेवू नका: आर्म १२ इंचीच्या जागी उतरला तर खाली तबकडीच नसते, सुई मॅटवर पडते आणि पुढच्या क्षणी फिरत आलेलं टोक तिला बाजूने धडकते. वाजवायचीच असेल तर हाताने, लिफ्टच्या (सुई हळू उतरवणाऱ्या) दांडीने, खाच कुठे सुरू होते ते दिव्यात बघून उतरवा.